मुद्दल कुलपात, व्याज उघड्यावर: अलास्काचा लाभांश राज्यघटनेत घालावा का?

"या वर्षी हजारच आला, दादा," दिवाळीच्या फोनवर माझी मावसबहीण म्हणाली. ती अँकरेजला राहते. नवरा आणि दोन मुलं धरून घरात चार माणसं. अलास्का राज्य साधारण ऑक्टोबरच्या सुमारास प्रत्येक पात्र रहिवाशाला, अगदी लहान पोरांनासुद्धा, तेलाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या निधीचा लाभांश देतं. २०२५ साली माणशी १,००० डॉलर, म्हणजे तिच्या घरात चार हजार. २०२२ साली माणशी ३,२८४ आले होते, म्हणजे घरात तेरा हजारांच्या वर. त्यानंतर निधी वाढला आणि लाभांश तिसऱ्या हिश्शावर आला.

तिथे या पैशाला सगळे पीएफडी (पर्मनंट फंड डिव्हिडंड, म्हणजे कायम निधीचा लाभांश) म्हणतात. रक्कम जाहीर झाली की दुकानांचे सेल लागतात, विमान कंपन्या तिकिटं स्वस्त करतात, आणि गेली दहाएक वर्षं एक मागणी नेमाने डोकं वर काढते: पीएफडी राज्यघटनेतच घालून टाका, म्हणजे दर वर्षी विधिमंडळाच्या तोंडाकडे बघायला नको. बहीण आता तिथली मतदार आहे. तिचा प्रश्न सरळ होता. असा प्रस्ताव मतपत्रिकेवर आला तर हो म्हणायचं की नाही?

मी काही घटनातज्ज्ञ नाही. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे, एवढीच माझी लायकी. पण सिंकिंग फंडावरून, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या ठेवीवरून, वार्षिक सभेत जे रण माजतं, ते पाहिलेल्या माणसाला अलास्काचं भांडण परकं वाटत नाही. "एवढे पैसे पडून आहेत, तर मेंटेनन्स का वाढवता?" हा प्रश्न आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरून येतो, तिकडे तोच वासिला गावातून येतो.

कुलूप नेमकं कशाला आहे

१९६८ साली उत्तर टोकाला प्रुडो बे इथे प्रचंड तेलसाठा सापडला. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याने तिथल्या जमिनींच्या भाडेपट्ट्यांचा लिलाव केला आणि एका दिवसात ९० कोटी डॉलर आले. तेवढा पैसा त्या राज्याने कधी पाहिलाच नव्हता. काही वर्षांत तो खर्चूनही झाला. शाळा झाल्या, रस्ते झाले, वाईट कामं झाली असं नाही, पण हातात काही उरलं नाही ही रुखरुख लोकांना लागली. व्हॅल्डीझ बंदरापर्यंतची आठशे मैलांची पाइपलाइन १९७७ मध्ये सुरू व्हायची होती. त्याआधीच, नोव्हेंबर १९७६ मध्ये, मतदारांनी साधारण दोनास एक मतांनी घटनादुरुस्ती मंजूर केली.

कायदा पुरला असता की, घटनाच का? कारण अलास्काच्या घटनेतच एक अडसर होता. नवव्या अनुच्छेदाचं सातवं कलम सांगतं की राज्याचा महसूल आधीच एखाद्या कामासाठी बांधून ठेवायचा नाही. दर वर्षी विधिमंडळाने सगळा पैसा टेबलावर मांडून वाटावा, ही कल्पना. तेलाच्या उत्पन्नाचा हिस्सा कायमचा बाजूला काढायचा तर या कलमाला अपवाद करणं भाग होतं. म्हणून पंधरावं कलम आलं. खनिजांच्या भाडेपट्ट्यांचं भाडं, रॉयल्टी वगैरे उत्पन्नातला किमान २५ टक्के हिस्सा कायम निधीत जाईल आणि मुद्दल फक्त गुंतवणुकीसाठीच वापरता येईल.

आता त्या कलमाचं शेवटचं वाक्य बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. निधीचं उत्पन्न राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जाईल, कायद्याने वेगळं काही ठरवलं नसेल तर. बस. 'लाभांश' हा शब्दच त्या कलमात नाही. मुद्दलाला पोलादी कुलूप, व्याज मात्र ओट्यावर.

लाभांश आला १९८० च्या कायद्याने. तेव्हाचे गव्हर्नर जे हॅमंड (गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालांसारखे नव्हेत, लोकांनी निवडलेले कारभारी) हे मूळचे वैमानिक आणि शिकारी. माशांवर पोसलेल्या ब्रिस्टल बेमध्ये त्यांनी आधी स्थानिक कारभार पाहिला होता. बाहेरचे येऊन मासे नेतात आणि गावाला काही राहत नाही, हे तिथे डोळ्यांनी पाहिलेलं. लोकांना निधीत हिस्सा वाटला तर लोकच त्याची राखण करतील, असा त्यांचा साधा हिशेब होता. १९५९ मध्ये अलास्का राज्य झालं, तेव्हापासून जितकी वर्षं तुम्ही तिथे राहिलात, तितके ५० डॉलर, अशी त्यांची पहिली योजना. तिला एका वकील दांपत्याने आव्हान दिलं, आणि १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ती रद्द केली. जुना रहिवासी आणि नवा रहिवासी असा भेद चालणार नाही. त्याच वर्षी सर्वांना सरसकट हजार डॉलरचा पहिला लाभांश मिळाला. माझ्या बहिणीसारख्या नंतर आलेल्यांना जुन्या जाणत्यांइतकाच चेक मिळतो तो या निकालामुळे, आणि राज्याच्या घटनेत काहीही लिहिलं तरी हा नियम बदलणार नाही.

पुढची तेहेतीस वर्षं कायद्यातल्या सूत्राने लाभांश निघत राहिला. निधीच्या पाच वर्षांच्या निव्वळ उत्पन्नाची बेरीज, तिचे २१ टक्के, त्यातले निम्मे वाटायला. घटनेची हमी नव्हती, पण सूत्राला हात लावायची कोणाची छाती नव्हती. १९९९ मध्ये निधीच्या उत्पन्नातले काही पैसे सरकारी खर्चाला वापरावेत का, असा सल्ला मतदारांना विचारला, तर ८३ टक्के लोकांनी नाही म्हणून सांगितलं. त्या धाकावर पुढची सतरा वर्षं निघाली.

मग तेल पडलं. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप २०१६ च्या सुरुवातीला तिसाच्या खाली गेलं. अलास्कात राज्याचा प्राप्तिकर नाही (होता, १९८० मध्ये तेलाच्या भरात रद्द केला) आणि राज्यस्तरीय विक्रीकरही नाही. अंदाजपत्रकाला भगदाड पडलं. गव्हर्नर बिल वॉकर यांनी लाभांशाच्या तरतुदीवर नकाराधिकाराची कात्री चालवली. माणशी दोन हजारांच्या वर जाणारी रक्कम १,०२२ वर आली. सिनेटर बिल विलेकोव्स्की आणि दोन माजी सिनेटर कोर्टात गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: १९७६ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं ते मुद्दलात पैसे टाकण्याला. उत्पन्न वाटायचं तर इतर कोणत्याही खर्चासारखी दर वर्षी तरतूद लागेल आणि तिच्यावर गव्हर्नरची कात्रीही चालेल.

त्या दिवसापासून कायद्यातलं सूत्र हे एक सदिच्छापत्र झालं. २०१८ मध्ये विधिमंडळाने आणखी एक कायदा केला, की निधीच्या पाच वर्षांच्या सरासरी बाजारमूल्याच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच दर वर्षी पैसा काढायचा, आधी सव्वापाच आणि आता पाच टक्के. पण लाभांशाचं जुनं सूत्र रद्द केलं नाही. एकाच पैशावर दोन कायदे, आणि दोन्ही एकदम पाळायचे तर सरकारी खर्चाला हाती उरतं फार थोडं.

समोर ठेवलेले चार रस्ते

पहिला, जसं आहे तसं चालू द्यायचं. दुसरा, जुनं सूत्र जसंच्या तसं घटनेत घालायचं आणि तरतुदीच्या व नकाराधिकाराच्या कक्षेबाहेर न्यायचं. तिसरा, घटनेत दोन गोष्टी लिहायच्या: वर्षाला पाच टक्क्यांपेक्षा जास्त पैसा काढायचा नाही, आणि काढलेल्यातला निम्मा लोकांना. गव्हर्नर माइक डनलेव्ही यांनी २०२१ मध्ये निम्मा-निम्मा मांडला तो हाच. चौथा, निधीचे विश्वस्त गेली पंचवीसएक वर्षं ज्याच्या मागे आहेत तो: फक्त उचल-मर्यादा घटनेत घाला, लाभांश किती हे विधिमंडळाला ठरवू द्या.

चौथ्याबद्दल लोकांना फारसं प्रेम नाही. त्यात चेक दिसत नाही ना. पण आधी त्याच्याचबद्दल बोलू, कारण त्यामागची अडचण बाकीच्या तिन्हींना लागू होते.

निधीचे दोन कप्पे आहेत. एक मुद्दलाचा, जो घटनेने बंद. दुसरा कमाईच्या राखीव खात्याचा, ज्यात विक्रीतून आलेला नफा, व्याज, भाडी जमा होतात. हे खातं साध्या बहुमताने, म्हणजे प्रतिनिधीगृहातल्या ४० पैकी २१ आणि सिनेटमधल्या २० पैकी ११ मतांनी रिकामं करता येतं. त्यातूनच वार्षिक पाच टक्के जातात, त्यातूनच महागाईने मुद्दल झिजू नये म्हणून भर घातली जाते. खर्च जास्त आणि वसूल नफा कमी अशी दोनचार वर्षं लागोपाठ आली की हे खातं आटू शकतं, आणि विश्वस्त त्याबद्दल उघड इशारे देत आहेत. आटलं तर काय? निधीत आठ हजार कोटी डॉलर असतील आणि राज्याला त्यातला एक डॉलरही काढता येणार नाही. तिजोरी गच्च भरलेली, आणि वाण्याला द्यायला सुटे नाहीत. लाभांश शून्य, शाळांचा पैसाही शून्य. दोन कप्पे मोडून एकच निधी आणि त्यावर टक्क्यांची मर्यादा, हा त्यावरचा उपाय. आणि तो घटना बदलल्याशिवाय होत नाही, कारण मुद्दलाचं कुलूप घटनेतच आहे.

आमच्या सोसायटीत असंच झालं होतं. सिंकिंग फंड मुदत ठेवीत, आणि पंप जळाला तेव्हा चालू खात्यात पैसे नाहीत. तीन दिवस टँकर. मुदत ठेव मोडता तरी आली. अलास्काला मोडता येत नाही.

आकडे मांडून

ढोबळ हिशेब करू. लाभांश घेणारे साधारण सहा लाख लोक. माणशी हजार डॉलर म्हणजे साठ कोटी डॉलर. सध्या पाच टक्क्यांच्या नियमाने निधीतून वर्षाला सुमारे ३८० कोटी डॉलर निघतात. म्हणजे २०२५ चा हजाराचा लाभांश हा उचलीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा. निम्मा-निम्मा केला तर १९० कोटी, माणशी तीन हजारांच्या थोडं वर. जुनं सूत्र लावलं तर साडेतीन हजारांच्याही पुढे.

हजार आणि तीन हजार यांतला फरक आहे १३० कोटी डॉलर, दर वर्षी. तो कुठून येणार, हे प्रस्तावात लिहिलेलं नसतं. पाइपलाइनमधून १९८८ च्या सुमारास दिवसाला वीस लाख पिंपं वाहायची, आता पाच लाखांच्याही खाली. तेलापेक्षा हा निधीच आता राज्याच्या मोकळ्या महसुलाचा मोठा झरा आहे. तेव्हा लाभांशाची हमी म्हणजे प्रत्यक्षात एक तर खर्चकपात, नाहीतर नवा कर. २०१९ मध्ये या भांडणाचं दर्शन झालं. पूर्ण लाभांशाचं वचन देऊन निवडून आलेल्या डनलेव्ही यांनी अंदाजपत्रकात मोठी काटछाट केली, त्यात अलास्का विद्यापीठाच्या राज्य अनुदानाला एका फटक्यात सुमारे ४१ टक्के कात्री लागली. विधिमंडळाचं विशेष अधिवेशन भरलं तर काही आमदार राजधानी जुनोच्या विधानभवनात आणि काही वासिलाच्या शाळेत जाऊन बसले. नकाराधिकार फिरवायला एकत्रित साठातली पंचेचाळीस मतं लागतात, आणि माणसंच दोन गावांत. शेवटी विद्यापीठाची कपात सात कोटींवर आणून तीन वर्षांत विभागली गेली.

हे ऐकलं की वाटतं, मग ठेवा सगळं विधिमंडळाच्या हाती. थांबा. लाभांश कापणं हासुद्धा एक करच आहे, आणि फार वाकडा कर. अलास्का विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये तुटीवरचे सगळे उपाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा लाभांशकपातीचा मार सगळ्यात जास्त गरिबांवर बसतो असं निघालं. साधं आहे. कापलेले हजार डॉलर श्रीमंताचेही हजार आणि युकॉन-कुस्कोक्विमच्या पट्ट्यातल्या पाच पोरांच्या घरातल्या प्रत्येक पोराचेही हजार. तिथे रस्ता जात नाही, इंधन बोटीने किंवा विमानाने येतं, आणि पीएफडी म्हणजे हिवाळ्याचं तेल किंवा स्नोमशीनचा (बर्फावरच्या गाडीचा) हप्ता. शिवाय उन्हाळ्यात मासळी कारखान्यांत किंवा तेलक्षेत्रावर कमवून आपल्या राज्यात परतणाऱ्यांना लाभांशकपातीचा ओरखडाही उठत नाही. प्राप्तिकर लावला तर त्यांनाही भरावा लागेल. लाभांशाची बाजू घेणारे डावे लोक तिथे आहेत ते या हिशेबामुळे, आणि माझ्या मते त्यांचा मुद्दा खरा आहे.

दुसऱ्या पारड्यात एक बारीक गोष्ट टाकायला हवी: लाभांशावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर लागतो. वाटलेल्या प्रत्येक डॉलरमधला काही भाग वॉशिंग्टनला जातो. शाळेवर थेट खर्चलेल्यातला जात नाही.

पैसे वाटले की लोक आळशी होतात, हा आपल्याकडचा लाडका आक्षेप. डेमन जोन्स आणि इओआना मारिनेस्कू यांचा यावरचा अभ्यास प्रसिद्ध आहे. लाभांशाने एकूण रोजगार घटलेला त्यांना दिसला नाही, अर्धवेळ काम थोडं वाढलं. तेव्हा तो मुद्दा बाजूला ठेवा.

जुनं सूत्र घटनेत? नको

दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा राग मला समजतो. तेहेतीस वर्षं चाललेला करार २०१६ मध्ये एका सहीने मोडला. पण त्या सूत्राबद्दल दोन गैरसमज आहेत.

एक, की हमी म्हणजे स्थिर रक्कम. जुनं सूत्र इमानदारीत चालू असतानाही २००८ मध्ये मूळ लाभांश २,०६९ होता (वर राज्याने वेगळे १,२०० दिले म्हणून लोकांच्या लक्षात ३,२६९ राहिले), आणि २०१२ मध्ये तो ८७८ वर आला. कोणी कापला नव्हता, बाजार कोसळल्याचा परिणाम पाच वर्षांच्या सरासरीतून हळूहळू उतरला. घटनेत घातलं तरी हे होणारच.

दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा. ते सूत्र प्रत्यक्ष वसूल झालेल्या उत्पन्नावर चालतं, बाजारमूल्यावर नाही. व्यवस्थापकाने शेअर कधी विकले यावर लाभांश वर-खाली होतो. तेजीच्या काळात ते जास्त पैसा बाहेर ओढतं, नेमका ज्या वर्षी सरकारचाही खर्चाचा हात सैल सुटलेला असतो. उचल-मर्यादेशिवाय ते घटनेत गेलं तर लाभांश पक्का होईल, पण राखीव खात्यातून बाकी किती काढायचं याला काहीच बंधन राहणार नाही. लाभांश आधी निघेल, सरकार उरलेलं खरवडेल, आणि महागाईची भर टाकायला शेवटी कोणी राहणार नाही. असा प्रस्ताव आला तर मी डोळे मिटून 'नाही' म्हणेन.

दुसरीकडे काय झालं

सगळ्यात बोलका शेजारी कॅनडाचा अल्बर्टा प्रांत. त्यांनीही १९७६ सालीच तेलाचा हेरिटेज फंड काढला. घटनेची तटबंदी नाही, नागरिकांना लाभांशही नाही. १९८७ पासून त्यात नियमित भर टाकणं थांबलं, कमाई दर वर्षी सरकारी खर्चात गेली. २००६ मध्ये तेजी आली तेव्हा प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) राल्फ क्लाइन यांनी माणशी ४०० कॅनेडियन डॉलरचे चेक एकदाच वाटले. लोकांनी त्यांना 'राल्फ बक्स' नाव ठेवलं आणि खर्चून टाकले. तेल अलास्कापेक्षा कमी नव्हतं, निधी मात्र कितीतरी मागे राहिला. हॅमंड यांचा हिशेब बरोबर होता असं म्हणायला मला हा एकच दाखला पुरतो: लाभांश होता म्हणून अलास्कात निधीवर लाखो डोळे होते.

नॉर्वेचं नाव लगेच निघेल. तिथे चेक नाहीत आणि घटनेत मर्यादाही नाही. २००१ पासून चार टक्के आणि २०१७ पासून तीन टक्के, हा सगळ्या मोठ्या पक्षांनी मान्य केलेला शिरस्ता आहे. पक्षांचं एकमत हे कुलूप अलास्काने उसनं आणायचं कुठून?

न्यू मेक्सिकोचा धडा वेगळा. त्यांचा जमिनीचा कायम निधी घटनेने बांधलेला आहे, आणि उचलही घटनेत लिहिलेली. २०२२ मध्ये बालशिक्षण आणि शाळांसाठी ती सव्वा टक्क्याने वाढवायची होती, तर मतदारांपुढे जावं लागलं, आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास लोकांनी हो म्हटलं. घटनेत घातलं की कायमचं गोठलं, ही भीती थोडी अतिरंजित आहे. किल्ली असते, फक्त ती आमदाराच्या खिशात नसून मतपेटीत असते.

गोव्याची गोष्ट, जराशी

हे सगळं दूरचं वाटत असेल तर गोव्याकडे बघा. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोवा फाउंडेशनच्या खटल्यात लोहखनिजाच्या विक्रीतला १० टक्के हिस्सा एका कायम निधीत टाकायचा आदेश दिला. पुढच्या पिढ्यांचा वाटा म्हणून. 'गोंयची माती' चळवळ त्याच धाग्याने पुढे जाऊन म्हणते की खनिज ही लोकांची सामायिक ठेव, तेव्हा निधीच्या उत्पन्नाचा लाभांश प्रत्येक गोंयकाराला मिळावा. मांडणी थेट अलास्काच्या वळणाची आहे.

पण एक मूलभूत फरक. अलास्काला स्वतःची राज्यघटना आहे, गोव्याला किंवा महाराष्ट्राला नाही. आपल्याकडे घटनेत काही घालायचं तर संसदेतून, अनुच्छेद ३६८ च्या वाटेने. त्यामुळे आपलं संरक्षण एक तर कोर्टाच्या आदेशावर, नाहीतर कायद्यावर उभं. चंद्रपूर-गडचिरोलीत खाणींच्या पैशातून जिल्हा खनिज प्रतिष्ठान चालतं ते २०१५ च्या केंद्रीय कायदेदुरुस्तीवर. जुन्या भाडेपट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्यांवर १० टक्के. त्यातून खाणबाधित भागात कामं होतात, कोणाच्या खात्यात चेक पडत नाही, आणि कायम निधी म्हणून मुद्दलही साठत नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार हा आणखी वेगळा प्रकार: ती अंदाजपत्रकातून दिलेली मदत आहे, मालकीचा हिस्सा नव्हे. अलास्काच्या माणसाला पीएफडीला 'मदत' म्हटलेलं खपत नाही. तो त्याला भागधारकाचा हक्क मानतो, म्हणून तर कोर्टात गेला.

मग मत कोणाला

आधी वस्तुस्थिती. घटनादुरुस्ती मतदारांपुढे जायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश लागतात, म्हणजे २७ आणि १४. तिथे गव्हर्नरची सही लागत नाही, पण लाभांशाचा एकही प्रस्ताव आजवर तिथवर पोचलेला नाही. घटना परिषद बोलावून हे करून घेऊ, अशी आशा काहींना २०२२ मध्ये होती. दर दहा वर्षांनी येणाऱ्या त्या प्रश्नाला सत्तरएक टक्के मतदारांनी नकार दिला. लाभांश हवा, पण त्यासाठी सगळी घटना उघडायची नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो, आणि तो शहाणपणाचा वाटतो.

तेव्हा बहिणीला मी सांगितलं ते असं. मतपत्रिकेवरचा मथळा 'लाभांशाचं संरक्षण' असाच असेल, त्यावर जाऊ नकोस. खालचा मजकूर वाच आणि आधी उचल-मर्यादा शोध. दोन कप्पे एक करून पाच टक्क्यांच्या आत उचल बांधली असेल, तरच पुढे वाच. नसेल तर कितीही गोड सूत्र असलं तरी 'नाही'. मर्यादा असून लाभांशाचा काहीच उल्लेख नसेल, म्हणजे विश्वस्तांचा चौथा रस्ता, तर 'हो' म्हण, पण नाराजीने. तुझे डोळे निधीवरून हटवायची ती पहिली पायरी ठरू शकते. अल्बर्टा आठव.

आणि दोन्ही असतील तर? निम्मा हिस्सा मला आजच्या घडीला जास्त वाटतो. राज्याने प्राप्तिकर किंवा विक्रीकर यातलं काही आणल्याशिवाय तो पेलणार नाही, आणि कर आणायची तयारी तिथे कोणाची दिसत नाही. उचलीचा चौथा हिस्सा घटनेत पक्का केला, तर आजच्या आकड्यांनी माणशी दीड हजारांच्या आसपास बसतात, म्हणजे यंदा मिळाले त्याहून जास्तच, आणि त्याच्यावर द्यायचे तर विधिमंडळाने द्यावेत. घटनेत डॉलरचा आकडा नको, टक्का हवा. हे माझं मत, कोणाच्या प्रस्तावात मी तसं पाहिलेलं नाही. पण निम्म्याचाच प्रस्ताव मर्यादेसकट समोर आला, तर? इथे मी घुटमळलो. बहीण म्हणाली, "म्हणजे माझ्या पोरांची शाळा की माझ्या पोरांचा चेक, असंच ना?" असंच. तिची मुलं सरकारी शाळेत आहेत, वर्गात पटसंख्या वाढते आहे, आणि ती दोघं नोकरीला आहेत. तिच्या जागी मी 'नाही' म्हटलं असतं. युकॉन-कुस्कोक्विमच्या पट्ट्यात, बेथेलजवळच्या एखाद्या खेड्यात, रोख उत्पन्न जेमतेम असलेल्या घरात असतो तर 'हो'.

"अर्ज मात्र भर," मी म्हटलं. १ जानेवारीला खिडकी उघडते, ३१ मार्चला बंद. मागच्या वर्षी मोठ्याचा अर्ज राहता राहता वाचला होता.